माकडाचं तोंड

कापडाचा प्राणी शिवणाऱ्या माणसाला पाय छळत नाहीत. पाय म्हणजे चार नळ्या. शेपूट ही पाचवी, जरा बारीक. पोटाचं तर काही करावंच लागत नाही. आत भरत गेलं की ते येतं, माणसाला येतं तसंच. घोडं अडतं ते तोंडाशी, मग प्राणी ससा असो की हत्ती. दोन डोळे अर्धा बोट इकडेतिकडे झाले की सशाचा पतपेढीचा वसुली अधिकारी होतो, आणि वसुली अधिकाऱ्याला कुशीत घेऊन कोणतंही मूल झोपत नाही.

हे ज्ञान मला निवृत्तीनंतर आणि तेही जपानात, इचिकावा या गावी मिळालं. नोकरी लेखापरीक्षणाची होती. दुसऱ्यानं बेरीज करायची आणि आपण तिच्यात खोट काढायची, असा तो व्यवसाय. ती सवय पेन्शनीबरोबर घरी आली. त्यामुळे ही शिवायला बसली की मी शेजारी खुर्ची ओढतो, सुईत दोरा ओवून देतो आणि त्या मोबदल्यात शेरे मारतो.

टोकियोतून एदो नदी ओलांडली की चिबा प्रांत लागतो, आणि त्यातलं पहिलंच शहर इचिकावा. मुलगा राहतो तो त्यातला ग्योतोकू भाग. नदीच्या पलीकडे निशिकासाईत भारतीयांची एवढी वस्ती आहे की तूरडाळ आणायला जपानी यावं लागत नाही. त्या एदोगावा विभागाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनसुद्धा आले. म्हणजे परमुलखात निवडणूक जिंकणं मराठी माणसाला अशक्य नाही. बालवाडीचं पत्रक मात्र त्याला चुकत नाही.

जपानात शाळा एप्रिलात सुरू होते. त्याच्या आधी बालवाडी पालकांच्या हाती एक यादी ठेवते. पुस्तकांची पिशवी अमुक सेंटिमीटर रुंद, तमुक उंच. घरातल्या बुटांची पिशवी वेगळी. पेल्याची वेगळी, तिला ओढून बंद करायची नाडी हवी. आणि हे शक्यतो घरी शिवलेलं असावं. तयार पिशव्या दुकानात मिळतात, माप दिलं की पैसे घेऊन शिवून देणारेही आहेत, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या कापडाच्या दुकानांत तरुण आयांची जी झुंबड उडते ती पाहिली की वाटतं, देशाचं संरक्षण खातं या पिशव्यांवर अवलंबून असावं. आमची सूनबाई संगणकाचे आराखडे करते. तिनं पत्रक वाचलं, एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटी हिच्याकडे पाहून म्हणाली, “आई, तुम्ही आलात हे किती बरं झालं!” आम्ही येऊन चार दिवस झाले होते.

हिचा हात शिवणकामात तयार आहे. साताऱ्याला पायमशीनवर हिनं परकर-पोलकी शिवली, उशांचे अभ्रे शिवले, जुन्या लुगड्यांच्या गोधड्या घातल्या. इथलं मशीन पाटावर मावेल एवढं, आणि बटण दाबलं की आपलं आपण धावतं. हिला ते पहिल्या दिवशी पटलं नाही. “पाय न हलवता शिवायचं म्हणजे शिवल्यासारखं वाटत नाही,” असं म्हणत ती पिशव्या शिवताना टेबलाखाली दोन्ही पाय हलवत होती. पिशव्या मात्र अस्तरासकट, सेंटिमीटरला सेंटिमीटर उतरल्या. मी पट्टी लावून पाहिल्या. खोट निघाली नाही, त्यामुळे तो दिवस मला जरा रिकामा गेला.

तेवढ्यात घरात पंच शिरला.

पंच हे जपानी माकडाचं पिल्लू. २६ जुलै २०२५ रोजी ते इचिकावाच्या महापालिकेच्या प्राणीसंग्रहालयात जन्माला आलं. उन्हाळा भाजून काढणारा होता, आई पहिलटकरीण होती. तिनं पिल्लाला जवळ घेतलं नाही. मग रखवालदारांनी त्याला बाटलीवर वाढवलं. नाव ठेवलं ते ‘ल्युपिन द थर्ड’ या गाजलेल्या चित्रकथेचे जनक मंकी पंच यांच्यावरून. माकडाचं पिल्लू जन्मल्यापासून आईच्या केसांना धरून लोंबकळत असतं. त्यानं हातात बळ येतं आणि जीवही थाऱ्यावर राहतो. या पिल्लाला धरायला काही नव्हतं. म्हणून त्याच्यापुढे टॉवेलांच्या गुंडाळ्या ठेवून पाहिल्या, निरनिराळी कापडी खेळणी ठेवून पाहिली. त्यानं निवडला तो आयकियाचा केसाळ, तांबूस, लांब हातांचा ओरांगउटान. २०२६च्या जानेवारीत त्याला माकडांच्या डोंगरावर, म्हणजे इतर माकडांत सोडलं. तिथे दुसरी माकडं हुसकावायची आणि हा धावत जाऊन आपल्या कापडी आईला कवटाळायचा. हे फेब्रुवारीत जगानं फोनवर पाहिलं आणि जग हळहळलं.

ही हळहळली नाही. हिचा माकडांशी व्यवहार महाबळेश्वरला झालेला आहे. तिथे एकानं हिच्या हातातलं भाजलेलं कणीस मीठ-लिंबासकट नेलं. “आपल्याकडे माकडं वस्तू घेऊन जातात. इथे त्यांना आणून देतात होय?” एवढंच ती म्हणाली. पण नातीनं पंचची चित्रफीत पुन्हा पुन्हा लावायला सांगितली, आणि मग व्हायचं ते झालं. तिला तसाच ओरांगउटान हवा झाला.

आयकियाच्या जपानमधल्या आताच्या दुकानांपैकी पहिलं इथून जवळ, शेजारच्या फुनाबाशीत आहे. २००६ साली ते उघडलं. त्याच जागी पूर्वी छपराखाली बनवलेला बर्फाचा डोंगर होता आणि त्यावरून लोक घसरत. आता लोक तिथे कपाटं घेतात. मुलगा तिथे चौकशी करून हात हलवत परतला. पंचच्या कृपेनं ते खेळणं जपानातच नव्हे, इतर देशांतही संपलं होतं. कंपनीनं प्राणीसंग्रहालयाला काही नग भेट दिले होते. म्हणजे ज्याच्याकडे होतं त्याला आणखी मिळालं. हा नियम माणसांतच चालतो असा माझा समज होता.

“संपलंय तर संपू दे,” ही म्हणाली. “माकड ते काय! मी शिवते.”

आता ज्याचं शिवायचं तो प्राणी आधी पाहावा, म्हणून आम्ही सगळे मोतोयावाताहून बसनं निघालो. वाटेत नाशपातीच्या बागा लागतात. इचिकावाची नाशपाती नावाजलेली आहे. त्या दिवसांत मांडवावर नुसत्या काटक्या पसरलेल्या होत्या. वार शनिवार निघाला, त्यामुळे हिच्या दृष्टीनं या सहलीला अचानक धार्मिक वजन आलं. माकडांच्या डोंगराभोवती माणसांची अशी भिंत उभी होती की माकडांनाच आपण काय पाहायला आलोय हा प्रश्न पडावा. निम्म्या लोकांच्या काखेत तोच ओरांगउटान. तो त्यांनी कोणत्या मुहूर्तावर विकत घेतला होता कोण जाणे. गर्दीच्या फटीतून पंच दिसला तेव्हा हिनं आधी हात जोडले, मग चष्मा पुसला, आणि मग शिंप्याच्या नजरेनं पाहिलं ते माकडाकडे नव्हे, त्याच्या खेळण्याकडे. “हात खांद्यात शिवलेत. केस खाली वळलेत. पोटाला टीप नाही.” आजूबाजूचे लोक डोळे पुसत होते आणि ही बेत घेत होती.

त्याच आवारात खरे ओरांगउटानही आहेत, सुमात्राचे. कापडी भावकीला जगभर प्रसिद्धी मिळाली असताना ते आपल्या जागी शांत बसले होते. आणि पंचच्या आधी हे प्राणीसंग्रहालय माहीत होतं ते पाणमांजरांमुळे. उन्हाळ्यात जपानी लोक वाहत्या पाण्यात सोडलेल्या शेवया काड्यांनी पकडून खातात. त्याच धर्तीवर इथे पाणमांजरं पाण्याच्या पन्हळीतून घसरत येतात. काड्यांनी त्यांना कुणी पकडत नाही, एवढाच फरक.

कापड आणायला निप्पोरीला गेलो. टोकियोतला तो कापडाचा रस्ता. दोन्ही अंगांना मीटरवर विकणारी दुकानं, बटणांची दुकानं, नुसत्या झिपरांची दुकानं. हिला तिथून बाहेर काढायला सूनबाईला माझ्या गुडघेदुखीचा आधार घ्यावा लागला. केसाळ कापडाला एक दिशा असते, हे मला तिथे कळलं. हात फिरवला की केस जिकडे निजतात ती दिशा. प्राण्याचा प्रत्येक तुकडा त्या दिशेनं केस खाली येतील असाच बेतायचा. एक पाय जरी उलटा कापला गेला तर तेवढ्या पायाला कायमचा काटा आलेला दिसतो. शिवाय असं कापड साध्या कापडासारखं कातरायचं नाही. उलट्या बाजूनं, कात्रीच्या टोकानं, फक्त विणकाम तोडायचं. केस अखंड ठेवायचे. नाहीतर शिवणीच्या रेषेवर टक्कल पडतं. ही सगळी काळजी घेऊनही केस उडायचे ते उडालेच. त्या आठवड्यात वरणात केस आला तर तो कुणाचा, हा वाद आमच्या घरात झाला नाही.

बाकीचं सगळं सोपं असतं, म्हणजे ऐकायला. दोन तुकडे एकमेकांचं आरशातलं रूप असतील असे कापायचे, सुलट बाजू आत ठेवून कडेनं टीप मारायची, बोटभर जागा मोकळी सोडायची, वळणावर कात्रीनं बारीक चिरा द्यायच्या म्हणजे चुण्या पडत नाहीत, आणि मग त्या मोकळ्या जागेतून सगळा प्राणी उलटा करायचा. ही उलटण्याची क्रिया पाहण्यासारखी असते. आतून एक हात येतो, मग दुसरा, मग काहीतरी अडकतं आणि ही पेन्सिलीचं बूड मागते. मग भरण. साताऱ्याला आम्ही कापूस भरायचो. पिंजारी दारावर यायचा, धनुकलीनं पिंजून द्यायचा. कापसाची बाहुली एकदा धुतली की आत गोळे होतात आणि ती दमेकऱ्यासारखी दिसू लागते. इथे पॉलिस्टरचा पुंजका पिशवीत बांधून मिळतो, धुतला तरी फुललेला राहतो. आधी हातपायांची टोकं भरायची, मग वर यायचं. टोकं राहिली की राहिली. नंतर कितीही कोंबलं तरी पंजा रिकाम्या मोज्यागत लोंबतो. हे भरणाचं काम माझ्याकडे आलं. लेखापरीक्षकाला एखाद्या गोष्टीत भर घालण्याची संधी नोकरीत कधी मिळत नाही. मी ती मनापासून घेतली.

आणि मग तोंड.

सपाट कापडाचा चेंडू होत नाही, ही यातली मूळ अडचण. दोन गोल तुकडे जोडून भरले तर डोकं होत नाही, पुरी होते. म्हणून नाकापासून कपाळावरून मानेपर्यंत मधोमध एक पट्टी घालावी लागते, कपाळाशी रुंद, दोन्ही टोकांना निमुळती. त्या पट्टीच्या आकारावर माकडाचं सगळं भवितव्य ठरतं. हिनं पहिल्या डावात ती अंदाजानं कापली. नाकाकडे ती जरा लांब राहिली. कान हिनं ‘दिसायला हवेत’ म्हणून मोठे घेतले होते. पोट माझ्याकडे होतं; मी हात आखडता घेतला नव्हता. सगळं जोडून टेबलावर बसवलं, आणि घरात शांतता पसरली.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, ही म्हण आपण ऐकत आलोय. आमच्याकडे ती उलटी फिरली. समोर बसले होते ते लंबकर्ण, लंबोदर, आणि नाकाबद्दल तर बोलायलाच नको.

आता एरवी अशी वस्तू मुलाच्या हातात द्यायला काय हरकत? पण हिच्या ते मनाला येईना. नातीनं त्याला एका हाताला धरून फरशीवरून ओढायला सुरुवात करताच हिनं ते काढून घेतलं आणि कपाटावर, पूर्वेकडे तोंड करून बसवलं. मी एक उपयुक्त सूचना केली. मागेच मी वाचलं होतं : जर्मनीत गिंगेन गावी मार्गारेटे श्टाइफ नावाची शिवणकाम करणारी बाई होऊन गेली. लहानपणी पोलिओनं पाय गेले, उजव्या हातात बळ नव्हतं, म्हणून तिनं शिवणयंत्र उलट्या बाजूनं फिरवून घेतलं आणि डाव्या हातानं चाक फिरवू लागली. १८८० साली तिनं मासिकातल्या नमुन्यावरून लोकरी नमद्याचा छोटा हत्ती शिवला. तो होता टाचण्या टोचून ठेवण्यासाठी. बायकांनी तो नेला टाचण्यांसाठी आणि मुलांनी पळवला खेळायला. त्यातून खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. पुढे १९०२ मध्ये तिच्या पुतण्यानं हातपाय हलणारं अस्वल काढलं, दुसऱ्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन गिऱ्हाइकानं तसली ३,००० अस्वलं मागवली, आणि तिकडे रूझवेल्टच्या शिकारीवरून त्यांना टेडी हे नाव चिकटलं ते चिकटलंच. हे सगळं सांगून मी म्हटलं, “तेव्हा आपला हा नग टाचण्यांसाठी ठेव. परंपरा आहे.”

हिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती पेन्शनरानं सहन करण्यापलीकडची होती. “टाचण्या? त्यांच्या पोटात?” ‘त्यांच्या’ या शब्दावर जोर होता. विषय संपला.

दुसऱ्या माकडाच्या वेळी घरात तज्ज्ञ वाढले. सूनबाईनं चेहऱ्याचा अभ्यास केला. डोळे खाली आणि एकमेकांपासून लांब ठेवले, कपाळ मोठं ठेवलं की कोणताही प्राणी बाळ दिसतो. वर आणि जवळ ठेवले की तो प्रौढ दिसतो. कोनराड लोरेंट्स या शास्त्रज्ञानं १९४३ मध्ये हेच लिहून ठेवलंय : वाटोळं डोकं, मोठं कपाळ, मोठे डोळे पाहिले की माणसाचं काळीज पाघळतं. सूनबाईनं टाचण्या टोचून डोळ्यांच्या जागा ठरवल्या, फोटो काढले, चारचौघांना पाठवले. एका जागी माकड लाडावलेलं दिसे, दोन सुतं वर गेलं की त्याच माकडाचं कर्ज थकल्यासारखं वाटे. लहान मूल घरात असल्यानं बटणाचे डोळे बादच होते, ते उपटून गिळतात, दोऱ्यानं भरायचे. भरलेला टाका उसवला की केसाळ कापडात भोक दिसत नाही, ही एक सोय. हिनं डोळे भरले, उसवले, भरले. दोन सुया मोडल्या.

मोडलेल्या सुयांवरून मुलानं सांगितलं की तोफूची वेळ नुकतीच उलटून गेली. इकडे दर ८ फेब्रुवारीला सुयांचं श्राद्ध घालतात. आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिराच्या आवारातल्या आवाशिमा देवळात बाया मोडक्या सुया घेऊन येतात आणि त्या तोफूत टोचतात. वर्षभर जाड कापडात घुसून दमल्या, आता मऊ जागी विसावा. हिला हे फार आवडलं. आमच्याकडे मोडकी सुई भिंतीवरच्या कॅलेंडरला टोचून ठेवायची पद्धत आहे, आणि डिसेंबर संपला की कॅलेंडर उतरवताना ती माझ्या बोटात शिरते. श्राद्ध आमच्याकडेही होतं, पण असं.

चेहऱ्याचा घोळ चालला असताना मुलगा जेवता जेवता म्हणाला, “बाबा, माकडांना तोंडाचं काही पडलेलं नसतं.” आणि त्यानं हार्लोची गोष्ट सांगितली. हॅरी हार्लो हा अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ. त्यानं माकडाची पिल्लं आईपासून वेगळी केली आणि त्यांना दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, दुसरी टॉवेलाचं कापड गुंडाळलेली. दूध तारेच्या आईकडे ठेवलं तरी पिल्लं प्यायला तेवढी तिकडे जात आणि बाकीचा सगळा वेळ कापडाच्या आईला चिकटून काढत. १९५८ साली त्यानं हे जाहीर केलं आणि आई म्हणजे दुधाची सोय असं मानणाऱ्या विद्वानांची पंचाईत झाली. प्रयोग क्रूर होते, पुढे त्यांवर पुष्कळ टीका झाली. पण त्यातली एक गोष्ट आमच्या कामाची होती. एक पिल्लू ठरल्या दिवसांच्या आधी जन्मलं. कापडाच्या आईचं तोंड तोवर तयार नव्हतं, म्हणून तिला नुसता लाकडी गोळा बसवला. पुढे सवडीनं डोळे-तोंड काढलेलं डोकं बसवलं तेव्हा पिल्लू किंचाळलं, आणि शेवटी त्यानं ते डोकं फिरवून कोरी बाजू आपल्याकडे करून घेतली.

“बघ,” मी हिला म्हटलं. “शास्त्र सांगतंय, तोंड राहू दे.”

“ते माकडाच्या पोराचं,” ही म्हणाली. “आपल्या पोरीचं तसं नाही.”

पण दाखला घरातच लटकत होता. मुलाच्या घराच्या किल्लीला ताकायामाहून आणलेला सारुबोबो आहे. हिदा भागातल्या आज्या नातवंडांसाठी शिवत आल्या ते हे लाल माकडाचं पोर. हातपाय पसरलेले, पोटावर निळा-काळा अंगरखा, आणि तोंड नाही. मुळीच नाही. लाल, वाटोळं, कोरं. दुकानदार सांगतात की धरणाऱ्याच्या मनात असेल तो भाव त्यावर उमटतो. माझं मत निराळं आहे. हिदात हिवाळा मोठा असतो, नातवंडं पुष्कळ असतील, आणि कुण्या शहाण्या आजीनं पहिल्याच वर्षी ओळखलं असेल की या धंद्यात वेळ कुठे जातो.

पंचचंही मला तेच वाटतं. रखवालदारांनी ओरांगउटान ठेवताना दोन गोष्टी पाहिल्या होत्या म्हणे : केस लांब, म्हणजे धरायला सोपे, आणि रूप माकडासारखं, म्हणजे पुढे इतर माकडांत मिसळताना उपयोगी. पैकी दुसरी गोष्ट माणसांना सुचणारी. त्या पोरानं केस ओढून पाहिले असतील, निघत नाहीत अशी खात्री केली असेल आणि पसंती कळवली असेल. लग्न जमवताना आपण पत्रिकेत जे शोधतो तेच की.

मोठ्या माणसांची गोष्ट वेगळी, निदान इथल्या. तोझाई लाइनवर सकाळच्या गाडीत इस्त्रीच्या कोटातला माणूस उभा असतो आणि त्याच्या बॅगेतून एक कापडी अस्वल डोकं काढून जाहिराती वाचत असतं. कुणी हसत नाही. आपल्या कापडी प्राण्याला उपाहारगृहात नेणं, पुढ्यात केक ठेवून त्याचे फोटो काढणं, त्याच्यासाठी ऋतूप्रमाणे कपडे शिवणं, या उद्योगाला इथे नाव आहे, नुइकात्सू. टोकियोत उनागी ट्रॅव्हल म्हणून एक प्रवासी संस्था आहे, ती फक्त कापडी प्राण्यांना सहलीला नेते. मालक घरी. काही वाचनालयांत मुलं आपली खेळणी रात्रीच्या मुक्कामाला सोडतात आणि सकाळी त्यांना फोटो मिळतात : ससा पुस्तक वाचतोय, हत्ती पुस्तकं लावतोय. झिजलेल्या प्राण्यांसाठी इस्पितळं आहेत. तिथे अंघोळ घालतात, आतलं भरण बदलतात, ठिगळ लावतात. आणि अगदी निरोपाची वेळ आली तर मेजी देवस्थानात शरदात बाहुल्यांचे आभार मानण्याचा सोहळा होतो. आमच्या लहानपणी चिंध्यांची बाहुली फाटली की तिची लक्तरं सरळ हातपुसण्यात जमा व्हायची, आणि त्या बाहुलीचं मागल्या उन्हाळ्यात शेजारच्या बाहुल्याशी वाजतगाजत लग्न लागलेलं असायचं. सासरच्या मंडळींनीही कधी विचारपूस केली नाही.

तर दुसरं माकड. धड झालं, पाय झाले, डोकं बसलं. एक हात खांद्यात शिवला. दुसरा हात मी भरून, टोकापर्यंत नीट ठासून, टेबलावर ठेवला होता, कारण ही चेहऱ्यापाशी अडली होती. हातभर लांबीचा, तांबूस, केसाळ हात, खांद्याकडचं तोंड टाचणीनं मिटलेलं. मी टाचणी काढून चार टाके घातले, ते केवळ टाचणी कुणाला लागू नये म्हणून. तेवढ्यात नात आली. तिनं माकडाकडे पाहिलं, अर्धवट भरलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि टेबलावरचा हात उचलून निघून गेली.

रात्री तो हात गळ्याभोवती टाकून ती झोपली. सकाळी दात घासताना तो खांद्यावर होता. भांडण झालं की ती त्याची पकड घट्ट करी. दोन दिवसांनी हिनं माकड पूर्ण केलं. तोंड उत्तम आलं होतं. मी स्वतः पाहिलं, डोळे समांतर, नाक मापात, गणपतीची शंकाही येऊ नये. “आण ग तो हात, जोडून देते,” म्हटल्यावर नातीनं जो टाहो फोडला त्याला हार्लोच्या पिल्लानंही दाद दिली असती. शेवटी ठरलं की हात तिच्याकडे राहील, आणि माकडाला नवा हात शिवायचा. सुंदर चेहऱ्याचं ते एकहाती माकड तूर्त कपाटावर, पूर्वेकडे तोंड केलेल्यांच्या शेजारी बसलेलं आहे.

मजल्यावर एक जपानी आजी राहतात. लिफ्टमध्ये त्यांनी वाकून विचारलं, हा कोणता प्राणी? जपानी माणूस अशा प्रश्नात आवाज इतका मऊ ठेवतो की उत्तर काहीही आलं तरी त्याला आश्चर्य वाटू नये. नात म्हणाली, “हात.” आजींनी मान डोलावली आणि म्हणाल्या, फारच गोड आहे, किती वर्षांचा झाला?

एव्हाना ही बातमी ग्योतोकूतल्या आणि नदीपलीकडच्या मराठी घरांत पोचली. ओरांगउटान अजून दुकानात आला नव्हता आणि पोरं घरोघरी हटून बसली होती. एका रविवारी चहाला चौघीजणी आल्या. कपाटावरचं माकड पाहून सगळ्यांनी तोंडाचं कौतुक केलं, आणि नातीच्या गळ्यातला हात पाहून त्यांच्या पोरांनी. हिनं वही काढली. आमच्याकडे माझ्या हयातीत वही नेहमी मी काढत आलो होतो.

“काकू, कधीपर्यंत होईल?” एकीनं विचारलं.

“नुसता हात हवा असेल तर बुधवारी घेऊन जा,” ही म्हणाली. “तोंडासकट हवं असेल तर शाळा सुरू झाल्यावर बघू. आणि तोंडाचे वेगळे पडतील.”

मी चष्मा लावून वही ओढली. सहा हात, एक शेपूट, तोंड निरंक. बेरीज बरोबर होती.